संक्रांतीच्या सकाळचं कोडं

प्रश्न : काकी, माझं लग्न डिसेंबर २०२३ मध्ये झालं. नवरा त्याआधी नऊ वर्षं अमेरिकेत, मिशिगनला मोटारींच्या कारखान्यात होता. आता नोकरी वेर्ण्याला, घर फोंड्यात. माणूस चांगला आहे, तक्रार तशी नाही. पण सप्टेंबर उजाडला की रविवारी रात्री जेवण आटोपून हे लॅपटॉप घेऊन बाल्कनीत जाऊन बसतात, कानात इअरफोन. अमेरिकन फुटबॉल! विचारलं तर म्हणतात, “मी काही तसा फॅन नाही, सहज लावलंय.” आणि सोमवारी तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या संक्रांतीला त्यांनी रजा काढली होती. मला केवढं बरं वाटलं! आमच्या घरात पद्धत नाही, पण पुण्याच्या वहिनीने हौसेने हलव्याचे दागिने पाठवले होते. ते घालून सकाळी दाखवायला बाल्कनीत गेले, तर हे डोळे पुसत होते. म्हणाले, “काही नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं.” त्यानंतर दोनच आठवड्यांनी एका सोमवारी पहाटे पाचला उठून बसले आणि पावाला हातही न लावता कामावर गेले. सासूबाईंना वाटलं, ऑफिसात काही बिनसलं. त्यांनी शांतादुर्गेला नारळ ठेवला.

मी नियम विचारले तर म्हणतात, “तुला नाही कळायचं, सोड.” मला नाही कळायचं? मी बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून फातोर्ड्याला फुटबॉलची मॅच बघायला जाणारी मुलगी! आता हा खेळ शिकू, की त्यांना त्यांच्या बाल्कनीत राहू देऊ?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बाय, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. संक्रांतीचं वाक्य आलं तसे हे आरामखुर्चीत सरळ झाले. “डेट्रॉइट लायन्स, मिशिगनचा संघ,” म्हणाले. “बिचारा.” पुढचं ऐकायची त्यांना गरजच पडली नाही.

आमचे हे बावीस वर्षं बोटीवर होते. मायामीहून सुटणाऱ्या क्रूझवर, गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात. कायमचे घरी आले ते दोन पेट्या, एक जाड जाकीट आणि मायामी डॉल्फिन्स नावाचं दुखणं घेऊन. हा संघ १९७२ च्या हंगामात सगळेच्या सगळे १७ सामने जिंकला होता. एकदाही न हरता विजेतेपद मिळवणं त्यानंतर कुणाला जमलेलं नाही. आणि डिसेंबर २००० नंतर ह्याच संघाला बाद फेरीतला एक सामनासुद्धा जिंकता आलेला नाही. आजोबांच्या जहागिरीचे कागद कपाटात जपून ठेवलेत आणि माजघरात पावसाचं गळतंय, अशातलं ते घर. आमचे हेसुद्धा म्हणतात, “मी कसला फॅन?” गेली पंधरा वर्षं म्हणतायत. तेव्हा तू योग्य दारात आली आहेस.

आधी तुझं कोडं सोडवू. २०२४ ची संक्रांत १५ जानेवारीला, सोमवारी होती. त्या सकाळी आपल्याकडे साडेसहा वाजता, म्हणजे तिथे रविवारी रात्री आठला, डेट्रॉइट लायन्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांचा बाद फेरीचा सामना डेट्रॉइटमध्ये सुरू झाला. लायन्स जिंकले, २४-२३. एका गुणाने. आता म्हणशील, एवढ्यासाठी डोळे पुसायचे? ऐक तर. त्याआधी लायन्सनी बाद फेरीतला सामना जिंकला होता जानेवारी १९९२ मध्ये. आणि त्याच्याही आधी १९५७ साली. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य करत होते. २००८ च्या हंगामात तर लायन्स १६ पैकी १६ सामने हरले. अंतिम सामन्याला सुपर बोल म्हणतात. तिथपर्यंत ते आजवर पोचलेलेच नाहीत.

त्यात त्या दिवशी घरगुती भानगडही होती. रॅम्सचा मुख्य खेळाडू मॅथ्यू स्टॅफर्ड हा आधी बारा वर्षं लायन्सचा. २०२१ साली लायन्सनी त्याला रॅम्सकडे धाडलं आणि त्यांना नकोसा झालेला जॅरेड गॉफ आपल्याकडे घेतला. वर आणखी देणंघेणं झालं, पण मूळ व्यवहार साटंलोट्याचा. स्टॅफर्ड तिकडे गेला आणि पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकून बसला. डेट्रॉइटवाल्यांनी त्या रात्री टाळ्याही वाजवल्या असतील आणि उशीत तोंडही खुपसलं असेल. त्यानंतर संक्रांतीच्या सकाळी तोच स्टॅफर्ड पाहुणा म्हणून समोर उभा, आणि ज्याला रॅम्सनी टाकला त्या गॉफने त्याला हरवलं. तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत गेलं ते हे.

रजा तुझ्यासाठी होती की लायन्ससाठी, त्याचा निवाडा मी करणार नाही. सामना पावणेदहाच्या सुमारास संपला, हळदीकुंकू संध्याकाळी. माणसाने दोन्ही साधलं.

आता शिकण्याचं. ह्यांनी मला शिकवलं ते एका सकाळी, आणि तेही ठरवून नाही. पाडेलीचे नारळ पाडून झाले होते पण तो अजून गेला नव्हता, अंगणात ढीग पडलेला, हे चहाचा कप घेऊन उभे. मी सहज म्हटलं, “तुमचा तो चेंडू असाच ना, असोल्या नारळासारखा?” ह्यांनी कप तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, ढिगातला त्यातल्या त्यात लहान नारळ उचलला आणि बोटं पसरून धरून दाखवला. “शिवणीवर बोटं अशी. सोडताना मनगट वळवायचं, म्हणजे गरगरत सरळ जातो.” खरा चेंडू सव्वाचारशे ग्रॅमचा, हा नारळ दीड किलोचा, पण माणूस रंगात आला होता. पाडेलीला म्हणाले, “धाव रे, विहिरीकडे धाव!” तो कमरेला कोयती लावून उभा, तो कशाला धावतो? पण नारळ आला तो त्याने छातीशी बरोबर झेलला. आमच्या अंगणात तुळशीपासून विहिरीच्या काठापर्यंत तीस फूट आहेत. म्हणजे दहा यार्ड. सगळा खेळ ह्या तुळस-विहिरीच्या अंतराचा आहे.

ज्या संघाकडे चेंडू, त्याला चार संधी. एकेका संधीला डाऊन म्हणतात. चार डाऊनमध्ये मिळून तुळशीपासून विहीर गाठली की पुन्हा नव्या चार संधी, पुढच्या दहा यार्डांसाठी. नाही गाठली तर चेंडू समोरच्यांचा. शाळेत कबड्डी खेळली असशील तर चढाई आठव. एकदम झटापट, शिट्टी, सगळे पुन्हा आपापल्या जागी. फरक एवढाच की जिथे पकडलं तिथूनच पुढची चढाई सुरू होते. असं करत करत शंभर यार्डांच्या मैदानाचं टोक ओलांडलं की टचडाऊन, सहा गुण. मग लगेच चेंडू खांबांमधून लाथाडला तर वर एक, किंवा पुन्हा एकदा आत घुसून दाखवलं तर वर दोन. टोकापर्यंत जायचा भरवसा नसेल तर लांबूनच खांबांमधून मारायचा, त्याचे तीन. आणखी एक दोन गुणांचा प्रकार आहे, तो वर्षातून कधीतरी दिसेल तेव्हा विचार.

पडद्यावर ‘थर्ड अँड सेव्हन’ असं दिसलं की समज : तिसरी संधी, सात यार्ड बाकी. आणि ती पिवळी रेघ दिसते ना, जिथपर्यंत पोचायचं असतं? ती मैदानावर नसतेच. संगणक काढतो, १९९८ पासून. मी पहिलं वर्षभर समजत होते की कुणीतरी दर वेळी पळत जाऊन रंग मारून येतं, आणि त्या माणसाचं मला फार कौतुक वाटायचं.

खेळाडूंच्या जागांची नावं पाठ करायला जाऊ नकोस. मागे उभा राहून चेंडू घेतो, फेकतो किंवा दुसऱ्याच्या हातात देतो तो क्वार्टरबॅक, एवढा ओळखला तरी पहिला हंगाम निभावतो.

तुला जड जाईल ते वेगळंच. फातोर्ड्याला तू नव्वद मिनिटं चेंडू पळताना बघितलास. इथे घड्याळात साठ मिनिटं, सामना चालतो तीन तास, आणि चेंडू प्रत्यक्ष हलतो तो ११ मिनिटं किंवा त्याच्या आसपास. मोजलंय लोकांनी. बाकी वेळ उभं राहणं, कुजबुजणं, जाहिराती. आपल्या जत्रेतल्या नाटकात पडदा पडला की पेटीवाला सूर धरतो आणि माणसं भजी खाऊन येतात, तसं. माझा उपाय म्हणजे लसूण. एका सामन्यात पाव किलो सोलून होतो. तूर डाळ निवडायला घेऊ नकोस. मान खाली गेली की नेमकं तेव्हाच काहीतरी घडतं. लसूण न बघता सोलता येतो.

आता मुद्द्याची गोष्ट, चौथा डाऊन. नवरा ज्या क्षणी श्वास धरतो तो हा. तीन संधी गेल्या, दोन-तीन यार्ड राहिले. आता काय? तीन वाटा. चेंडू लाथेने लांब उडवून द्यायचा, म्हणजे समोरच्यांना दूरवरून सुरुवात करावी लागेल. हा शहाणपणाचा मार्ग. खांब जवळ असतील तर तीन गुण पदरात पाडून घ्यायचे. किंवा जायचं, उरलेले यार्ड काढायला. जमलं तर घबाड, फसलं तर चेंडू तिथेच समोरच्यांच्या ताब्यात.

तुझा तो दुसरा सोमवार म्हणजे २९ जानेवारी २०२४. पहाटे पाचला लायन्सचा सामना सॅन फ्रान्सिस्कोशी. जिंकले असते तर इतिहासात पहिल्यांदा सुपर बोल. मध्यंतराला लायन्स २४-७ ने पुढे. तुझा नवरा तेव्हा बाल्कनीत काय करत असेल ते मला दिसतंय. आमचे हे असतात तेव्हा गुडघ्यावर तळहात दाबून बसतात, गुडघा हलला तर सामना हलेल अशा बेताने. उत्तरार्धात २४-१० असताना लायन्सचा चौथा डाऊन आला, दोन यार्ड बाकी. खांबांमधून मारला असता तर तीन गुण. त्यांचे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल म्हणाले, जायचं. चेंडू झेलणाऱ्याच्या हातातून निसटला. मग सॅन फ्रान्सिस्कोने एक लांब चेंडू फेकला, तो लायन्सच्याच खेळाडूच्या तोंडावरच्या जाळीवर आपटून उडाला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्याच माणसाच्या हातात जाऊन पडला. ५१ यार्ड! असं नाटकात लिहिलं तर प्रेक्षक उठून जातील. बघता बघता बरोबरी झाली, मग सॅन फ्रान्सिस्को तीनने पुढे. पुन्हा लायन्सचा चौथा डाऊन, तीन यार्ड बाकी. मारले तर बरोबरी. कॅम्पबेल पुन्हा म्हणाले, जायचं. पुन्हा फसलं. शेवट ३४-३१. तीनच गुणांनी.

ह्यावरून आमच्या घरात तीन दिवस वाद झाला, आणि आमचा तर तो संघही नव्हे. माझं म्हणणं, दोन्ही वेळा तीन-तीन घ्यायला हवे होते. मी घर चालवलेली बाई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं मला पटत नाही. ह्यांचं म्हणणं, त्याच हट्टाने तो संघ तिथपर्यंत पोचला, ऐन वेळी स्वभाव बदलायचा म्हणजे काय? आकडेमोड करणारेही बरेच जण कॅम्पबेलच्या बाजूने बोलले. मी अजून माझ्या जागेवर आहे.

तेव्हा तू नवऱ्याला नियम विचारू नकोस. “कोण जिंकलं?” तर मुळीच विचारू नकोस, लायन्सवाल्याला तो प्रश्न नसतो, डाग असतो. एक दिवस भाजी चिरता चिरता म्हण, “त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅचमध्ये चौथ्या डाऊनला तुम्ही काय केलं असतं?” आणि सुरी खाली ठेव, कारण जेवायला उशीर होणार आहे.

“तुला नाही कळायचं” ह्या वाक्याचा मलाही राग आला. आमच्याकडेही ते बोललं गेलंय. पण त्यात तुझी अक्कल काढलेली नसावी. समजावून सांगायला बसलं की आपण गेली नऊ वर्षं कुणासाठी जागतोय तेही सांगावं लागतं, आणि ते ऐकून बायको हसेल ही धास्ती. ‘मी फॅन नाही’ हे वाक्य त्याच खिशातलं.

मी ह्यांना एकदा वेगळंच विचारलं होतं. “हे तुम्हाला लावलं कुणी?” खेळाबद्दल दोन वाक्यं बोलणारा माणूस तासभर बोलला. गॅलीत ह्यांच्या शेजारी मायामीचा एक म्हातारा होता, भांडी घासण्याच्या विभागाचा मुकादम. पहिल्या फेरीत ह्यांना बोट लागायची, घरची आठवण यायची, भाषा धड येत नव्हती. तो आपल्या बाकड्यावर जागा करून द्यायचा आणि टीव्हीकडे बोट दाखवून म्हणायचा, हे निळसर कपडे घातलेत ना, ते आपले. ‘आपले’ हा शब्द ह्यांनी त्या बोटीवर पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला.

तुझ्याकडच्या माणसालाही कुणीतरी असं बसवून घेतलं असणार. नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतं. दुकानं, कारखाने बंद, माणसं आपापल्या घरी. एकटं राहणाऱ्याला सहकारी जेवायला बोलावतात. आणि त्या दिवशी डेट्रॉइट लायन्सचा सामना असतोच असतो. १९३४ पासूनची प्रथा, मध्ये महायुद्धाच्या काळात खंड पडला तेवढाच. मिशिगनच्या थंडीत पहिल्या वर्षी तो कुणाच्या घरी जेवला, ते विचारून बघ.

तो सामना आपल्याकडे रात्री अकरा-साडेअकराला सुरू होतो. शेजारी बसायचं तर तो दिवस धर. गुरुवार असतो, बहुतेक मार्गशीर्षाच्या आगेमागे, म्हणजे घरात शिवराक, मांसमासळी नाही. टर्की-बिर्की विसर आणि खतखतं कर. बाकी हंगामात रात्री साडेदहाला सुरू होणारे सामने असतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली की साडेअकराला. त्यांचा पहिला चतुर्थांश बघ आणि खुशाल झोपायला जा. दोन-तीन वाजताचे आणि पहाटेचे सामने त्याचे त्याला बघू दे. मी ती चूक केली. एक अख्खा हंगाम जागले आणि ऍसिडिटी घेऊन बसले. डॉल्फिन्स तरीही हरले.

सासूबाईंना खरं काय ते सांगून टाक. पुढच्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, लायन्स १७ पैकी १५ सामने जिंकून आले आणि वॉशिंग्टनकडून ४५-३१ असे पहिल्याच फटक्यात बाहेर पडले. तेव्हाही त्यांनी ऑफिससाठीच नारळ ठेवला असेल तर तो चुकीच्या पत्त्यावर गेला.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा मोबाईलवर अमेरिकन फुटबॉलचे व्हिडिओ बघतो आणि मलाही खेळायचं म्हणतो. ती हेल्मेटं, ती टक्कर बघून माझ्या पोटात गोळा येतो. नको म्हणू का?
— एक आई, डिचोली

उत्तर : टकरीच्या खेळाला मीही नको म्हणेन. डोक्याला वारंवार मार बसून मेंदूचा जो आजार जडतो, तो बेनेट ओमालू ह्या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरांनी २००२ साली माइक वेबस्टर ह्या खेळाडूच्या मरणोत्तर तपासणीत ओळखला, आणि तेव्हापासून तिथल्या आयांच्याही पोटात गोळा येतो. पण त्याचा एक धाकटा भाऊ आहे, फ्लॅग फुटबॉल. पाच-पाच जण, हेल्मेट नाही, अंगावर जायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला फिती लटकवलेल्या असतात. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याची फीत ओढली की तो पकडला गेला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा येतोय. चार मित्र, एक चेंडू, आईच्या जुन्या ओढणीच्या चिंध्या आणि कापणी झाल्यावरचं मोकळं शेत एवढ्यावर भागतं. ओढणी जुनी कोणती ते मात्र तुम्हीच ठरवून द्या, नाहीतर तो ठरवेल.

प्रश्न : चाळीस वर्षं मी मुलांना फुटबॉल शिकवतोय. जो खेळ हाताने खेळतात त्याला फुटबॉल म्हणायचं? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आमच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोली त्या खेळात उभा तरी कुठे राहील?
— एक प्रशिक्षक, म्हापसा

उत्तर : सर, राग समजते. पण सुरुवात पायानेच झाली होती. ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या दोन कॉलेजांत जो पहिला सामना झाला त्यात एकेका बाजूला २५ जण होते, चेंडू उचलून पळायला बंदी होती, आणि रटगर्स ६-४ ने जिंकले. तुम्ही पाहिला असता तर म्हणाला असता, गर्दी जास्त आहे पण खेळ आपलाच. पुढे रग्बी घुसली, हात आले, १९०६ साली चेंडू पुढे फेकायचीही मुभा मिळाली. पाय गेले, पाटी राहिली.

आणि शंखवाळकरांना तिथे जागा नाही, कारण अडवायला गोलच नाही. दोन उंच खांब आणि जमिनीपासून दहा फुटांवर एक आडवा दांडा. चेंडू त्या दांड्याच्या वरून जायला हवा. तुमच्या मैदानात ज्या फटक्यावर पोरं हुर्यो करतात, त्याला तिथे तीन गुण देतात.